लहान बेटावरचा पोलीस आणि घरातली मारहाण

प्रश्न असा आहे: ज्या बेटावर काही शे माणसं राहतात, चौकी एकच आहे, तिथला पोलीस अर्ध्या वस्तीचा नातेवाईक आहे आणि न्यायालय समुद्रापलीकडे आहे, तिथे पोलीस कौटुंबिक हिंसा रोखू शकतात का? की मारहाण होऊन गेल्यावर कागद रंगवण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नसतं? त्याला जोडून आणखी दोन शंका आहेत. ज्येष्ठांनी बसून प्रकरण मिटवणं जास्त परिणामकारक नाही का? आणि चौकीत एक महिला पोलीस नेमली तर काम भागेल का?

पोलिसांना या विषयाचं प्रशिक्षण देण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो: रोखू शकतात. मात्र शहरातली पद्धत उचलून बेटावर आणली तर ती पहिल्याच आठवड्यात कोलमडते.

बेटावरच्या पोलिसाबद्दल बोलणं निघालं की लोक बोट नाही, माणसं कमी, संपर्क तुटतो, अशी यादी वाचतात. यादी खरी आहे. पण खरी अडचण त्याच्या आधीची आहे. या माणसाला उद्याही तिथेच राहायचंय. ज्याला तो आज रात्री घराबाहेर काढणार तो त्याच्या बायकोचा चुलतभाऊ असतो, त्याच्याच संघातून खेळणारा असतो, त्याच्या मुलाच्या वर्गातल्या मुलीचा बाप असतो. कारवाई केली तर सगळी भावकी अबोला धरणार. नाही केली तर एक बाई मार खाणार, आणि तिचा अबोला कुणाला ऐकू येत नाही. अशा कात्रीत सापडलेला माणूस, अगदी चांगला माणूससुद्धा, मधला रस्ता धरतो. ‘दोघांना समजावून सांगितलं, प्रकरण शांत झालं.’ ठाण्याच्या नोंदवहीत हे वाक्य वारंवार दिसायला लागलं की त्या बेटावर काय चाललंय ते मला वेगळं विचारावं लागत नाही.

म्हणून माझा सगळा भर एकाच गोष्टीवर असतो. हा निर्णय त्या एकट्या माणसाच्या डोक्यावरून उचलून नियमाच्या डोक्यावर ठेवा. त्याला दारात उभं राहून सांगता आलं पाहिजे, ‘दादा, माझ्या हातात नाही. मला हे करावंच लागतं.’ शहरातल्या पोलिसाला हे वाक्य लागत नाही, कारण उद्या त्याची त्या घराशी गाठ पडणार नसते. बेटावरच्या पोलिसाचं संरक्षण हेच वाक्य करतं, आणि त्याच्यामार्फत त्या बाईचंही.

फिजीच्या पोलिसांनी १९९५ मध्ये स्वीकारलेलं धोरण नेमकं हेच करू पाहत होतं. तक्रारदार बाई स्वतः येऊन ‘मागे घेते’ म्हणाली तरी पोलिसांनी कौटुंबिक हिंसेची तक्रार सोडून द्यायची नाही, असं ते धोरण. वरवर पाहता हे बाईच्या मर्जीविरुद्ध वाटतं, आणि त्यावर स्त्री-संघटनांमध्येही वाद झाले. पण लहान जागेत याचा अर्थ वेगळा होतो. तक्रार मागे घेणं तिच्या हातात आहे हे सगळ्यांना माहीत असेल, तर सासू, दीर, धर्मगुरू आणि शेजारीण अशी रांग तिच्या दारात लागते. तिच्या हातातच नाही म्हटल्यावर निदान त्या दबावातून ती सुटते. धोरण कागदावर आलं म्हणून चौकीतलं वागणं बदललं असं झालं नाही. जोडप्याला समजूत घालून घरी पाठवल्याच्या तक्रारी तिथल्या स्त्री-संघटना पुढे अनेक वर्षं करत राहिल्या. याचं कारण माझ्या मते सरळ आहे: धोरण मोडणाऱ्या पोलिसाला कुणी जाब विचारत नव्हतं. बेटावर नियम टिकवायचा तर त्या बेटाबाहेरच्या कुणीतरी नोंदवही नियमित वाचली पाहिजे.

‘मग सरळ अटक सक्तीची करा की’, असं लगेच कुणीतरी म्हणतं. इथे थोडं थांबायला हवं. अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात १९८१-८२ मध्ये एक प्रसिद्ध प्रयोग झाला. कौटुंबिक मारहाणीच्या प्रकरणांत पोलिसांनी अटक करायची, समुपदेशन करायचं की नवऱ्याला काही तास बाहेर पाठवायचं, हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरवलं गेलं. अटक झालेल्यांनी पुन्हा हात उचलण्याचं प्रमाण कमी निघालं. हा निष्कर्ष जगभर पसरला आणि अनेक ठिकाणी अटक सक्तीची झाली. पण नंतर इतर शहरांत तोच प्रयोग केला तेव्हा चित्र फाटलं. मिलवॉकीत नोकरी असलेल्यांवर अटकेचा धाक बसला, बेरोजगारांमध्ये मात्र पुढची हिंसा उलट वाढली. ज्याला गमवायला काही नाही त्याला अटकेची भीती वाटत नाही, राग तेवढा येतो. अनेक बेटांवर नियमित पगाराची नोकरी ही मोजक्यांचीच गोष्ट असते. तेव्हा शहरातला धडा तिथे डोळे मिटून लावू नये.

मी सक्ती वेगळ्या जागी ठेवतो. बोलावणं आलं की जायचंच. दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू येणार नाही इतकं लांब करूनच विचारायचं. त्याच रात्री लिहून ठेवायचं. अटक केली नाही तर का केली नाही, हे सहीनिशी लिहायचं आणि ते मुख्य बेटावरच्या वरिष्ठाला कळवायचं. यात कसलीही मोकळीक नको. पुढे काय करायचं, अटक, बाहेर काढणं की न्यायालयात अर्ज, तिथे परिस्थितीप्रमाणे मोकळीक हवी. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं असतं. जायचं की नाही हे पोलिसाच्या मनावर, आणि गेल्यावर करण्यासारखं कायद्यात एकच काहीतरी.

आता वेळेचा प्रश्न. किरिबाटी हा पॅसिफिक महासागरातला देश ३३ बेटांचा, आणि ती बेटं सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर समुद्रावर विखुरलेली. तिथे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, कधी ना कधी जोडीदार असलेल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ६८ टक्के स्त्रियांनी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. सॉलोमन बेटांवर २००९ च्या पाहणीत हा आकडा ६४ टक्के होता, फिजीत २०१३ मध्ये तेवढाच, टोंगात ४० टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार याच वयोगटात जगभरचं प्रमाण २७ टक्क्यांच्या आसपास आहे. या सर्व देशांत आज कौटुंबिक हिंसेविरुद्ध कायदे आहेत: वानुआतूत २००८ चा, फिजीत २००९ चा, सामोआ आणि टोंगात २०१३ चे, किरिबाटी, तुवालू आणि सॉलोमनमध्ये २०१४ चे. म्हणजे कायदा नाही ही तक्रार आता उरलेली नाही. प्रश्न हा आहे की शुक्रवारी रात्री मारहाण झाली आणि न्यायाधीश पुढच्या फेरीला काही आठवड्यांनी येणार असेल, तर मधल्या काळात त्या बाईचं काय.

हा मधला काळ भरून काढणारं सगळ्यात उपयोगी हत्यार माझ्या मते पोलिसांनी जागेवरच काढायचा सुरक्षा-आदेश हे आहे. न्यूझीलंडमध्ये तो १ जुलै २०१० पासून आहे. गुन्हा नोंदवण्याइतका पुरावा नसला तरी, सार्जंट किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने, पोलीस हिंसा करणाऱ्याला घर सोडायला लावू शकतात. त्यासाठी बाईची संमती लागत नाही. सुरुवातीला हा आदेश जास्तीत जास्त ५ दिवसांचा होता, २०१९ पासून तो १० दिवसांपर्यंत नेला. सॉलोमन बेटांच्या कायद्यातही, जो एप्रिल २०१६ मध्ये लागू झाला, पोलिसांना अशी नोटीस देता येते आणि ती २१ दिवसांपर्यंत चालते. हा फरक उगाच नाही. जिथे न्यायालय दूर, तिथे पोलिसांचा तात्पुरता आदेश लांब असावाच लागतो. आणि वरिष्ठाची परवानगी घेण्याची अट मला फार आवडते. ती अडथळा नाही, ती ढाल आहे. दारातला पोलीस फोनवर बोलून परत येतो आणि सांगतो, ‘साहेबांनी आदेश दिलाय.’

या आदेशातला गाभा म्हणजे घर कुणी सोडायचं हा निर्णय. मोठ्या शहरांतला विचार असा की बाईला गुप्त पत्त्यावरच्या निवाऱ्यात न्यावं. लहान बेटावर गुप्त पत्ता नावाची वस्तू नसते. तिला मुख्य बेटावर नेलं तर ती सुरक्षित होते, पण तिची बाग, कोंबड्या, मुलांची शाळा, आई, सगळं मागे राहतं. एकदा बोटीत बसून गेलेल्या बाईला बेट ‘पळून गेलेली’ म्हणतं. मारणारा मात्र घरात आरामात. शक्य असेल तिथे बोटीत त्याला बसवा. अपवाद एकच आहे आणि तो गंभीर आहे: तिच्या जिवाला धोका असेल आणि त्याला ताबडतोब रोखता येत नसेल तर आधी तिला आणि मुलांना हलवायचं, तत्त्वं नंतर.

धोका ओळखायचा कसा? प्रश्नावल्या पुष्कळ आहेत. ब्रिटनमध्ये २००९ पासून वापरात आलेल्या यादीत २७ प्रश्न आहेत, अमेरिकेतल्या मेरीलँडमधून पसरलेल्या छोट्या यादीत ११. बेटावरच्या पोलिसाला मी सांगतो, यादी कुठलीही वापर, पण एक प्रश्न कधीच गाळू नकोस: ‘त्याने कधी गळा दाबला का?’ अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांचा गळा पूर्वी दाबला गेला होता अशा स्त्रियांचा पुढे जोडीदाराकडून खून होण्याची शक्यता सातपटीहून जास्त आढळली. गळा दाबल्याच्या खुणा कितीतरी वेळा बाहेरून दिसतच नाहीत. आवाज बसणं, गिळताना दुखणं, क्षणभर शुद्ध हरपणं, लघवी होणं हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. विचारायला लाज वाटते म्हणून तर हा प्रश्न छापील कागदावर हवा. न्यूझीलंडने २०१८ च्या डिसेंबरपासून गळा दाबणं हा वेगळा गुन्हाच केला. वेगळा गुन्हा असला की ‘फक्त ढकललं’ या सदरात तो बुडून जात नाही.

आता जामिनाच्या अटी. न्यायालय मुख्य बेटावर बसून लिहितं, ‘तक्रारदारापासून शंभर मीटर दूर राहावे.’ ज्या वस्तीची लांबीच चारशे मीटर, तिथे विहीर एक, दुकान एक, प्रार्थनास्थळ एक, धक्का एक, तिथे हा माणूस राहणार कुठे? अशी अट दुसऱ्याच दिवशी मोडते. पोलिसालाही ते दिसतं आणि तो कानाडोळा करतो, आणि कानाडोळा सुरू झाला की आदेशाची किंमत संपते. अंतराऐवजी जागा आणि वेळ लिहा. सकाळी दुकानात ती जाईल, दुपारनंतर तो. बोट लागायच्या दिवशी तो धक्क्यावर येणार नाही. प्रार्थनेला दोन वेळा असतील तर एक त्याची, एक तिची. तो अमुक नातेवाइकाकडे झोपेल, आणि ते घर तिच्या वाटेवर नसेल. हा तक्ता न्यायालयाला करता येत नाही, तो स्थानिक पोलिसानेच करून न्यायालयाकडे पाठवायचा. बेटाची नस माहीत असण्याचा फायदा खऱ्या अर्थाने होतो तो इथे.

मिटवामिटवीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ त्याच्यावर आहे.

पॅसिफिक बेटांवर तडजोडीच्या परंपरा जुन्या आणि खरोखर बळकट आहेत. फिजीत क्षमायाचनेच्या विधीत व्हेलचा दात दिला जातो. सामोआत गावच्या प्रमुखांची सभा दंड करू शकते आणि १९९० च्या कायद्याने त्या सभेला अधिकृत मान्यता आहे. बाहेरून आलेला प्रशिक्षक या सगळ्याला मागासलेपण म्हणून झटकून टाकतो तेव्हा तो चौकीतल्या पोलिसाला एकटं पाडतो. कारण रात्री दोन वाजता दार ठोठावून मारणाऱ्याला आवरणारे हात बहुधा गावच्याच ज्येष्ठांचे असतात.

पण ही व्यवस्था नेमकी कशासाठी आहे ते पाहा. दोन कुटुंबांमधलं वैर मिटावं, गावात रक्तपात होऊ नये, यासाठी ती आहे. तो हेतू ती चोख पार पाडते. त्यात बाई ही पक्षकार नसते, ती वादाचं कारण असते. तिच्या वडिलांची माफी मागितली जाते, भावांना चटया आणि डुकरं दिली जातात, आणि ती संध्याकाळी त्याच घरात परत. दंडाचीही तीच गत. सभेने कुटुंबाला दंड ठोठावला की त्या चटया विणते कोण, डुकरं पाळते कोण? मार तिने खाल्लेला असतो आणि दंडातला वाटाही तिच्याच कष्टातून जातो. त्यामुळे पुढच्या वेळी ती तोंड उघडत नाही, आणि गाव म्हणतं, सुधारला हो तो. स्त्रियांवरील भेदभावाचं निर्मूलन पाहणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही फिजीतल्या त्या क्षमायाचनेच्या प्रथेचा लैंगिक गुन्ह्यांत होणारा वापर चिंतेचा म्हणून नोंदवला होता. वानुआतूच्या २००८ च्या कायद्यात तर एक रोखठोक कलम आहे: लग्नात रिवाजाप्रमाणे वधूमूल्य दिलं होतं, हा कौटुंबिक हिंसेच्या आरोपावर बचाव होऊ शकत नाही. असं कलम लिहावं लागलं यावरूनच दारात काय ऐकू येत असेल ते ओळखा.

माझी भूमिका अशी. समेट हवा तर होऊ दे, पण पोलिसांची नोंद, धोक्याची तपासणी आणि सुरक्षा-आदेश यांच्यानंतर, त्यांच्याऐवजी नाही. समेटाच्या बैठकीला बाईने हजर राहायची सक्ती नको. आणि तिथे पोलीस गणवेशात बसला असेल तर त्याने एकच काम करायचं: काय ठरलं ते लिहून घ्यायचं आणि कुठलाही ठराव गुन्ह्याचा तपास थांबवू शकत नाही हे सर्वांसमोर सांगायचं. ज्येष्ठांना न्यायाधीश करू नका, जामीनदार करा. ‘हा माणूस महिनाभर त्या घराकडे फिरकणार नाही, फिरकला तर आम्ही चौकीत कळवू,’ अशी हमी प्रमुखाने चारचौघांत दिली की ती मोडणं आरोपीला महागात पडतं, कारण आता त्याने प्रमुखाची मान खाली घातलेली असते. गावकीचं बळ वापरायचं ते असं. सामोआच्या राष्ट्रीय मानवाधिकार संस्थेने कौटुंबिक हिंसेवर सार्वजनिक चौकशी करून २०१८ मध्ये अहवाल काढला. ग्रामसभांना बाजूला सारून हा प्रश्न सुटेल असं तो अहवाल वाचून कुणालाही वाटणार नाही. आणि त्यांच्या भरवशावर सोडून सुटेल, असंही वाटणार नाही.

गुप्ततेचा मुद्दा पुस्तकांत दोन ओळींत उरकतात, बेटावर तो रोजचा असतो. पोलिसांची बोट कुणाच्या घराखाली लागली यावरून अर्ध्या तासात गोष्ट पसरते. दूरच्या बेटांवर अजूनही रेडिओवरून निरोप जातात आणि तो संवाद ज्याच्याकडे संच आहे तो प्रत्येकजण ऐकतो. बाईचं नाव रेडिओवर उच्चारायचं नाही, ठरलेला सांकेतिक शब्द वापरायचा, इतकी साधी शिस्तसुद्धा बऱ्याच चौक्यांत नसते. तिची गाठ घ्यायची सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे दवाखाना. तिथे जायला कारण लागत नाही, मुलाला ताप एवढं पुरतं. म्हणून बेटावर आलेल्या नव्या पोलिसाने आधी परिचारिकेशी ओळख करून घ्यावी. मारहाण तिच्याकडे चौकीच्या कितीतरी आधी पोचलेली असते. मात्र बाईच्या परवानगीशिवाय परिचारिकेने काय सांगायचं आणि काय नाही हे आधीच ठरलेलं असावं. नाहीतर बायका दवाखान्यातही जायच्या बंद होतील. आणि जबाब घेताना दुभाषी म्हणून नणंद किंवा दीर अजिबात नको, मग मुख्य बेटावरून फोनवर कुणी मिळेपर्यंत थांबावं लागलं तरी चालेल.

आतापर्यंत मारहाणीबद्दल बोललो. पण बेटावर हात न उचलताही माणसाला कोंडून ठेवता येतं. सभोवार पाणी असताना बोटीचं तिकीट, फोन आणि पैसे ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात बाहेरचं सगळं जग. इंग्लंड आणि वेल्समध्ये असं सततचं नियंत्रण २०१५ च्या डिसेंबरपासून गुन्हा आहे. स्कॉटलंडने २०१८ मध्ये त्याहून व्यापक कायदा केला, तो १ एप्रिल २०१९ ला लागू झाला. त्यात शारीरिक आणि मानसिक छळाची सगळी साखळी मिळून एकच गुन्हा धरला जातो, बाईला प्रत्यक्ष इजा झाली हे सिद्ध करावं लागत नाही आणि शिक्षा १४ वर्षांपर्यंत होऊ शकते. शेटलंड, ऑर्कनी किंवा पश्चिमेकडच्या बेटांसाठी हा कायदा जणू मापाने शिवलेला आहे. तिथल्या अनेक छोट्या बेटांवर कायम पोलीस नसतो, ते बोटीने किंवा विमानाने येतात, आणि पोचेपर्यंत ‘त्या रात्रीचं’ काही उरलेलं नसतं. साखळी सिद्ध करायची असेल तर मात्र एक रात्र हुकली तरी चालतं.

पण त्यात एक मेख आहे. स्कॉटिश कायद्यात गुन्ह्याच्या मुख्य मुद्द्यांना दोन स्वतंत्र स्रोतांचा आधार लागतो, एकट्या तक्रारदाराचा शब्द पुरत नाही. दुसरा स्रोत बेटावर कुठून आणायचा? इथे अनुभवी तपास अधिकारी आणि नवखा यांच्यातला फरक दिसतो. नवखा साक्षीदार शोधत फिरतो, आणि शेजारी म्हणतात आम्ही काही पाहिलं नाही. अनुभवी अधिकारी आधी बोटीच्या आरक्षणाच्या नोंदी मागवतो: तिच्या नावाचं तिकीट किती वेळा काढलं आणि रद्द केलं, कुणी केलं. दवाखान्याच्या चुकवलेल्या वेळा, बँकेचे व्यवहार, फोनवरचे संदेश, शाळेतल्या शिक्षिकेची नोंद. जिथे येणंजाणं एकाच वाटेने होतं, तिथे ती वाट सगळं लिहून ठेवते. शहरात हे मिळत नाही.

बाहेरच्या माणसाची गरज किती असते, हे पिटकेर्नच्या प्रकरणाने दाखवून दिलं. तो विषय कौटुंबिक मारहाणीचा नव्हता, मुलींच्या लैंगिक शोषणाचा होता, पण शिकवण तीच. पन्नासाच्या आतबाहेर लोकवस्तीचं हे ब्रिटिश बेट. १९९९ मध्ये इंग्लंडच्या केंट परगण्यातून तात्पुरती नेमणूक होऊन गेलेल्या एका महिला पोलीस अधिकाऱ्याकडे तिथल्या मुलींनी पहिल्यांदा तोंड उघडलं. २००४ मध्ये बेटावरच खटले चालले, ७ पुरुषांवर आरोप होते, ६ दोषी ठरले. तिथे पोलिसाचं काम पाहणारा स्थानिक माणूस आधीही होता. त्याच्यापाशी जायचं म्हणजे आरोपींच्या आप्ताकडेच जायचं होतं. म्हणून माझा आग्रह असतो की लहान बेटावर वर्षातून काही वेळा बाहेरच्या ठाण्यातला पोलीस काही दिवस येऊन राहिलाच पाहिजे, आणि त्याने नुसतं फिरावं, दवाखान्यात बसावं, शाळेत जावं. त्याच्या मुक्कामात तक्रारी वाढल्या तर गुन्हे वाढले असं समजू नका, वरिष्ठांना हे आधीच सांगून ठेवा. आणि आरोपी स्वतः पोलीसच असेल, जे होतं, तेव्हा तर स्थानिक चौकीने कागदाला हातही लावायचा नाही. हत्यार जमा, तपास दुसऱ्या बेटाकडे.

दोन घटनांच्या मधल्या काळात काय करायचं, त्यावर एक जुना पण भक्कम नमुना आहे. इंग्लंडच्या लीड्समधल्या किलिंगबेक विभागात पोलिसांनी १९९७ पासून तीन पायऱ्यांची पद्धत चालवली. पहिल्या घटनेनंतर पत्र आणि माहिती, दुसरीनंतर जास्त गस्त आणि भेट, तिसरीनंतर आणखी कडक. प्रत्येक पायरीला बाईसाठी वेगळी कृती आणि पुरुषासाठी वेगळी. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की पोलीस पुरुषाकडेही परत जातात. बहुतेक ठिकाणी पाठपुरावा म्हणजे बाईला ‘कशी आहेस’ विचारणं. बेटावर पोलीस महिनाभराने त्याच्या दारात उभा राहून ‘तुझ्याकडे आमचं लक्ष आहे’ म्हणाला तर त्याला काही खर्च येत नाही, आणि ते ऐकणारे दहा कान असतात. वादळानंतर या फेऱ्या वाढवाव्यात. वानुआतूच्या तान्ना बेटावरच्या स्त्री-समुपदेशन केंद्रात २०११ च्या दोन चक्रीवादळांनंतर नवीन प्रकरणं ३०० टक्क्यांनी वाढली होती. मदतसामग्री घेऊन जाणाऱ्या पहिल्या बोटीत या कामासाठी एक पोलीस बसवायला जागा असतेच, फक्त कुणाला सुचत नाही.

इंधनाचंही सांगतो. चौकीच्या बोटीला तेल नाही म्हणून तक्रारदारालाच तेलाचे पैसे मागण्याचे प्रकार पॅसिफिकमध्ये अनेकांनी पाहिले आहेत. घरात एक नाणंही हातात न ठेवलेल्या बाईकडे पैसे मागणं म्हणजे येणार नाही असं सांगणंच. कौटुंबिक हिंसेच्या बोलावण्यासाठी तेलाचा साठा वेगळा, कुलपात आणि वेगळ्या हिशोबात ठेवा.

राहिली महिला पोलिसाची शंका. नेमा, जरूर नेमा, पण एकटी नेमू नका. एकटी असली की चौकीतले पुरुष ‘हे तुझं खातं’ म्हणून प्रत्येक प्रकरण तिच्याकडे ढकलतात आणि स्वतः त्यातून अंग काढून घेतात. ती रजेवर गेली की बेटावर कौटुंबिक हिंसा नोंदवणारं कुणी उरत नाही. शिवाय तीसुद्धा कुणाची तरी सून, कुणाची तरी बहीण असते. पुरुष सहकाऱ्याला अबोला सोसावा लागतो, तिला तर घरातच ऐकून घ्यावं लागतं. दोन महिला, त्यातली निदान एक दुसऱ्या बेटावरची, आणि पुरुष कर्मचाऱ्यांनाही तेच प्रशिक्षण व तीच जबाबदारी, अशी रचना झाली तर ती टिकते. दोन पदं मंजूर होत नसतील तर एका महिलेला दोन-तीन बेटांवर फिरती नेमणूक द्या आणि तिच्या फेरीचं वेळापत्रक दवाखान्याच्या दारावर लावा.